मागणीशिवाय गोळी नाही

३ मार्च, सकाळी ९
काल हिची पहिली केमो झाली. निघताना नर्सने उलटीच्या गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं. म्हणाली, काका, सकाळ-संध्याकाळ तीन दिवस द्यायची, मळमळ असो वा नसो. पोरीचं वय पंचविशीच्या आत. मी कारखान्याच्या स्टोअरचा चौतीस वर्षं इनचार्ज. मागणीची चिठ्ठी आल्याशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही. मळमळ नसताना गोळी? उद्या म्हणतील, ताप यायच्या आत कपाळावर पट्ट्या ठेवा.
पाकीट माझ्या कपाटात. किल्ली खिशात. नियम: आधी उलटी, मग गोळी.
गोळीचं नाव ऑन्डान्सेट्रॉन. उच्चारतानाच पोटात ढवळतं.

दुपारी १
११.१० उलटी. ११.१५ गोळी दिली. ११.२२ गोळी परत. माल निकृष्ट.

४ मार्च
सहा वेळा. हिच्यात जिद्दच नाही. धीर यावा म्हणून माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची हकीकत तपशीलवार सांगितली. टाक्यांपर्यंत पोचलो आणि सातवी झाली.

६ मार्च
ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, अहो, मला पुढची केमो नको. जे व्हायचं ते होऊ दे. डॉक्टरांनी सहा सांगितल्यात, त्याशिवाय गाठ जायची नाही. तसं बजावलं. म्हणाली, मग तुम्ही घ्या.
बायकांचे असे मूड येतात आणि जातात. चहा मात्र अर्धा टाकला.

८ मार्च
मेहुणी येऊन धडकली. बॅगेच्या आकारावरून मुक्काम लांबणार. आल्याआल्या, भाऊजी, गोळ्या वेळेवर दिल्यात ना? ह्या बाईला आयुष्यात एक बस वेळेवर पकडता आलेली नाही. म्हटलं, आमच्याकडे सिस्टीम आहे. हिच्या खोल गेलेल्या गालांकडे बघत म्हणाली, दिसतेय सिस्टीम.

२३ मार्च
दुसरी केमो. ही आपणहून तयार झाली. माझ्या बोलण्याचा परिणाम, दुसरं काय. आत मेहुणी बसली. मला पाण्याची बाटली धरून बाहेर बसवलं. दोघींची नर्सशी बरीच कुजबुज. बायकांना विषय लागत नाही.

२५ मार्च
एकही उलटी नाही! कपाटातून एकही गोळी गेलेली नाही! उपाय सगळे माझे: खिडकी उघडी, आणि रोज सकाळी दहा मिनिटं माझं प्रोत्साहनपर भाषण. ही डोळे मिटून ऐकते. आज अर्धा टोस्ट खाल्ला.
पेशंट लोकांसाठी पत्रक काढणार: ‘गोळीविना केमो’. नर्सने वाचलं तर तिचंही शिक्षण पूर्ण होईल.

१३ एप्रिल
तिसरी केमो. पत्रक नर्सच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि घाबरून हिला विचारलं, मावशी, गोळ्या बंद केल्यात की काय? ही म्हणाली, छे गं, तू दिलेल्या दुसऱ्या पाकिटातल्या घेते ना, बहीण देते सकाळ-संध्याकाळ. मग मी समोर उभा आहे हे तिच्या लक्षात आलं. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुमच्या भाषणाच्या आधी अर्धा तास द्यावी लागते. नर्स हसली. हीसुद्धा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.
दुसरं पाकीट, आणि माझ्या सहीशिवाय! कारखान्यात ह्याला अफरातफर म्हणतात.

४ मे, सकाळी ९
चौथीसाठी दोघी गेल्या. उरलेल्या सगळ्या घेणार असं ही म्हणते, एकाच अटीवर: मी घरी थांबायचं. बरोबरच आहे. घर सांभाळायला जबाबदार माणूस लागतो. सूप करायला घेतलं.

दुपारी ३
आल्या. हिने वाटीभर सूप संपवलं. आणखी मागितलं. सूप मी केलंय हे सांगायचं नाही, असं मेहुणीने दारातच बजावलं होतं. उगाच मळमळेल म्हणे.
सांगितलं नाही.