पत्रिका उघडू नकोस

भेस्तान, सुरत
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. उज्ज्वलाताईस,
हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या नंबरावरून तुला लग्नपत्रिका आली असेल. उघडू नकोस. उघडली असशील तर आधी दाजींच्या फोनवरून बँकेला कळव, मग पुढे वाच. माझा फोन आतलं सगळं पुसून टाकायला दुकानात दिलाय. दुसऱ्याचा मागून करावा, तर अनोळखी नंबर तू उचलत नाहीस. म्हणून ट्रॅव्हल्सच्या क्लीनरजवळ हे पत्र देतोय.

झालं असं. शनिवारी इथून जवळच्या सचिन गावी कारखान्यात लूमवर होतो. अमोलच्या नंबरावरून फाइल आली, खाली लिहिलेलं, लग्नाला नक्की या. अमोल म्हणजे निंबाअण्णांचा मुलगा, हर्षदाचा भाऊ. हर्षदा कोण ते दिवाळीत सांगितलंय. तू हसली होतीस. त्यांच्या घरात लग्नाचं माणूस एकच. माझं डोकं फिरलं. फोन म्हणाला, फाइल अनोळखी ठिकाणची आहे, नुकसान होईल. म्हटलं, आता आणखी काय व्हायचं राहिलंय? दाबलं. मेसेज वाचू का? वाच बाबा. सगळ्यांचे नंबर बघू का? बघ. तेव्हा त्याने किडनी मागितली असती तरी ‘हो’ दाबलं असतं.

पत्रिका काही उघडली नाही. तसाच जाऊन अमोलची कॉलर धरली. त्याने आपला बंद केलेला फोन दाखवला; त्यालाही ती कोणाकडून तरी आली होती. तोवर माझ्या फोनवरून तीच पत्रिका दोनशे जणांना गेली. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० नंबरावर तक्रार केली, खातं थांबवलं, सिम काढलं. हे सगळं मला येतं गं. गेल्याच महिन्यात समाजाच्या हॉलमध्ये ‘मोबाइल जपून कसा वापरावा’ यावर मी पाऊण तास बोललो होतो. निंबाअण्णा अध्यक्ष ना, त्यांच्यावर छाप पडावी म्हणून. पडली. माझं नाव पाहून अकरा जणांनी विश्वासाने फाइल उघडली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ती पत्रिका हर्षदालाही गेली. तिला वाटलं असणार, माझंच लग्न ठरलं. तिचा फोन बंद आहे. तिची आई शोभाबाई तुझ्या ओळखीची. त्यांना फोन करून लग्न माझं नाही एवढं सांग. नाहीतर मी त्यांच्या दारात उभा राहून ओरडून सांगेन.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
हेमराज

शिरपूर
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रिका आली होती. उघडली नाही. आपल्यात सख्ख्या बहिणीला कोणी मोबाइलवर लग्न कळवतं का? अक्षता घेऊन दारात कोणी आलं नाही, म्हणजे लग्न नाही. याला पाऊण तासाचं भाषण लागत नाही, मास्तर.

शोभाबाईंना फोन केला. हर्षदाने ती फाइल उघडली. फोन ‘नको’ म्हणत असताना तिनेही तुझ्यासारखंच सगळ्याला ‘हो’ म्हटलं. तेव्हापासून पोटात दुखतं म्हणून जेवत नव्हती. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, हेमराजचं लग्नबिग्न काही नाही. थोड्या वेळाने पलीकडे ताट वाढल्याचा आवाज आला.

पण निंबाअण्णा तिला रोज विचारतात म्हणे, एवढी सूचना आली तरी का दाबलंस? ती गप्प आहे. तूही गप्प राहा. दोघांची पत्रिका एका कारणाने उघडली हे भेस्तानात कळलं, तर तुझं काही जाणार नाही, तिचं नाव घरोघर होईल. दारात ओरडणार होतास ना? गेलास तर मला बहीण म्हणू नकोस.

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, विसरू नकोस.

तुझी,
ताई

भेस्तान, सुरत
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

काल निंबाअण्णांनी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाले, मागच्या वेळी काय करायचं नाही ते सांगितलंस, आता काय केलंस ते सांग. मी सगळं सांगितलं. अनोळखी फाइल, लाल सूचना, परवानग्या, मग १९३०. लोक मन लावून ऐकत होते. भाषण मागच्यापेक्षा बरं झालं.

मग पुढे बसलेल्या इंदुबाईंनी विचारलं, शिकेल पोऱ्या शे, मंग दाबं काबर? म्हणजे, एवढा शिकलेला असून दाबलंस का? हर्षदा बायकांत मान खाली घालून बसलेली. निंबाअण्णा माझ्याकडे एकटक बघत होते.

ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. प्राध्यापक चारचौघांत एक शब्द बोलले म्हणून मी कॉलेज सोडून आलो. पण काल म्हटलं, मावशी, लग्नाचं जेवण म्हटलं की मला धीर निघत नाही. वरणबट्टी आहे की पुरी, तेवढंच बघायचं होतं.

हॉलभर सगळे हसले. शोभाबाईही हसल्या. अमोलने शिट्टी मारली. आज लूमवर शेठनेही विचारलं, बट्टी मिळाली का. वर्षभर तरी हे चालणार.

निंबाअण्णा मात्र हसले नाहीत. चहाला बाहेर घेऊन गेले. अर्धा कप संपवला. मग विचारलं, कॉलेजचे किती विषय राहिलेत. मी म्हटलं, चार. म्हणाले, आधी ते दे, मग बोलू; आणि उरलेला चहा पिऊन निघून गेले.

ताई, जेवणाला हपापलेल्या पोराला कोणी राहिलेले विषय विचारतं का? तू मोठी आहेस, तूच सांग.

पुस्तकं माळ्यावर असतील, येत्या गाडीने पाठव. आणि मला ओरडायचा तुझा हक्क असाच चालू ठेव.

तुझा,
हेमराज