माळ्यावरून काढलेलं सूप

माय,

तुझं सूप मागच्या महिन्यात माळ्यावरून खाली काढलं. बांबूच्या पात्या अजून घट्ट आहेत, एका बाजूची कड तेवढी उसवली आहे. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली, आणि इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी बोलणारा माणूस. शेलूबाजारपासून मानोऱ्यापर्यंत कुठेही सभा असली की लोक मला बोलावतात. पुस्तकांनी आपल्या घराच्या दोन भिंती भरल्यात. विहाराच्या समितीचा अध्यक्ष आहे, वस्तीचा पुढारी म्हणतात मला. तुला हसू येईल, पण खरं आहे.

आपल्या वस्तीत क्षयरोग तपासणीची गाडी यावी म्हणून मी तालुक्याला चार चकरा मारल्या. आत एक्स-रेचं मशीन असलेली मोठी पांढरी गाडी, शेवटी आणलीच. आरोग्य हा कुणाचा उपकार नाही, आमचा हक्क आहे, हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि मरेपर्यंत सांगेन. त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. त्या सकाळी विहारापुढच्या चौकात तासभर बोललो. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात आशाताईच्या हातातली वही घेऊन, ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे त्यांची नावं भोंग्यावरून वाचून दाखवली. बक्षीस समारंभात नाव घेतलं की माणूस उठून येतो, तसे येतील असं वाटलं मला. गाडी संध्याकाळपर्यंत उभी राहिली. त्या वहीतलं एकही माणूस आलं नाही.

आशाताई ही वस्तीचीच सून. घरोघर जाऊन आजारपणाची नोंद ठेवते. तिने माझ्यासमोर येऊन वही ओढून घेतली. "भाऊ, हे नावं मी कोनालेच सांगनार नाई म्हून शपथा घेऊन लिवले होते. आता मले कोन दारात उभं करन? तुमाले माईक दिसला का काईच सुदरत नाई."

त्या यादीत तुझ्या मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीची सून होती. भाजीच्या मळ्यात खुरपायला जाते, एकटीच्या कमाईवर घर चालवते. महिन्याभरापासून खोकत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दाराशी गेलो, तर तिने फटीतूनच सुनावलं. "पोट्टीची सोयरीक चालू हाय, भाऊ. अनसिंगचे पाव्हणे पाहून गेले, होकार येनं बाकी हाय. अन् तुमी अख्ख्या गावात माहं नाव वाजवलं! आता कायले आले? पुन्हा भाषन द्याले?" दार लागलं. आतून खोकला ऐकू येत राहिला, तोंडावर पदर दाबून आवरलेला.

तेव्हा तू आठवलीस. मी कॉलेजात होतो, वक्तृत्वाची ढाल जिंकून आलो होतो आणि तू घरी नव्हतीस. त्या काळी नर्सबाई लस घेऊन आल्या की बाया लेकरं काखेत मारून मागच्या दाराने शेतात पळायच्या. तू त्यांना कधी समजावायला गेली नाहीस. सूपभर तूर घ्यायचीस आणि लेकराला लस राहिली असेल त्या घरच्या ओट्यावर निवडत बसायचीस. त्या दिवशीही अशाच एका ओट्यावर सापडलीस. "माय, आपल्या घरी ओटा नाई काय?" मी चिडून म्हणालो. तू ढालीकडे पाहिलंही नाहीस. "चूप बस. खडे काढ." मी बसलो. तू त्या घरच्या बाईशी हळदीच्या भावावर बोललीस, जावेच्या भांडणावर बोललीस, आणि बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "सुई देल्यावर ताप येते म्हनतात, खरं हाय काय वं?" घरी येताना तू मला सांगितलंस, "डोये सुपात असले का बाई खरं बोलते. तोंडाकडं पाह्यलं का लाजते. अन् तू त सगळ्याईच्या तोंडाकडंच पाह्यतं." किती वर्षं मला त्याचा राग होता!

मग तुझं सूप खाली काढलं आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसलो, सुपात दोन शेर तूर. पहिला दिवस दार उघडत नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी ओरडते, "अवं बाई, पाह्य व पाह्य! अध्यक्ष पाखडून राह्यले! बुढीनं सूप देलं पोराले, पाखडनं काई शिकवलं नाई!" गल्ली हसते. मी पाखडत राहतो, निम्मी तूर मातीत जाते. तिसऱ्या दिवशी दार उघडतं. "आना इकडं," ती सूप हिसकावून घेते. "नास करून राह्यले नुसता."

ती निवडते, मी खडे उचलतो. मी सुपातच पाहून म्हणालो, "वैनी, माहं चुकलं." तिने एक खडा माझ्याकडे सारला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सकायी रक्त पडते. चार दिवस झाले." मग, "कोनाले मालूम पडन?"

"तुमाले, आशाताईले, डॉक्टरले."

"अन् तुमाले. तुमाले चूप राह्यता येते काय?"

"शिकून राह्यलो."

ती पहिल्यांदा हसली, हसता हसता खोकली. "मंग पयले तुमी थुंका डबीत," म्हणाली. आशाताईने थुंकी तपासायच्या दोन डब्या आणून दिल्या, मीही थुंकलो. दोन्ही डब्या आशाताईने भाकरीच्या पिशवीत घालून नेल्या, कुणाला काही कळलं नाही. माझ्यात काही निघालं नाही. तिच्यात निघालं. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या.

अनसिंगचे पाहुणे येणार त्या दिवसासाठी मी अख्खं भाषण तयार केलं होतं: क्षय बरा होतो, लपवणं हाच खरा रोग, वगैरे. ती म्हणाली, "तुमी ओट्यावर बसा, भाऊ. सोयाबीनवर बोला." आणि तुझं सूप घेऊन मुलाच्या आईसोबत चुलीपाशी जाऊन बसली. मी बाहेर मुलाच्या बापाशी सोयाबीनवर बोलत होतो, सगळं लक्ष आतल्या पाखडण्याच्या आवाजाकडे. मध्येच तो आवाज थांबला. माझे शब्द थांबले, माय, माझे! मग पुन्हा सुरू झाला. निघताना मुलाची आई उंबऱ्यात वळून तिला म्हणाली, "गोया एकबी दिवस चुकवू नोको, बाई. लगन उन्हायात काढू."

यादीतले बाकीचेही एकेक करून तपासून आले. दोघं राहिलेत, तेही येतील. आज त्यातल्या एकाच्या ओट्यावर जायचंय.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून माळ्यावर ठेवतो, सुपाच्या रिकाम्या जागी. एक मात्र तुला सांगून टाकतो. बाईच्या कामाला कमी लेखू नका म्हणून मी गावोगाव गर्जना केल्या आहेत, पुढेही करीन. पण चौक ओलांडताना तुझं सूप मी अजून पोत्यात गुंडाळून नेतो.