मी आधी जाणार असे धरून

मी, कालिंदी अंबादास सरनोबत, वय ५३, धंदा शिक्षकी (संस्कृत), राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, परंतु अतिशय वैतागलेल्या स्थितीत हे लिहून ठेवते. वैताग म्हणजे वेड नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. प्रकृती ठणठणीत आहे.

कारण असे. माझे पती अंबादास यांची अन्ननलिका कर्करोगामुळे काढली आणि जठर वर ओढून जोडले. शल्यविशारद म्हणाले, यशस्वी. पुढे जोड गळू लागला, छातीत पू झाला, एक फुप्फुस मिटले. ते यशस्वीच म्हणत राहिले. तेव्हापासून तोंडाने पाण्याचा थेंबही वर्ज्य, अन्न पोटातल्या नळीने. अशात धाकटे दीर गुंडू बावड्याहून शेताचे कागद घेऊन आले. "वहिनी, दादा शुद्धीत हाय तवर सह्या घेऊन ठेवू की. वाईट वाटून घेऊ नगासा."

मी वाईट वाटून घेतले नाही. वकिलाकडे जाऊन माझेच मृत्युपत्र करायला घेतले.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात पती अंबादास यांना मिळावे. ठेवी आणि दागिनेही त्यांनाच. दागिने त्यांना शोभणार नाहीत; विकून पुढची शस्त्रक्रिया करून घ्यावी. "आता बास, मला घरी न्हे," हे त्यांचे वाक्य कोणीही ग्राह्य धरू नये.

२. मिक्सर, बारीक गाळणी आणि मोठी सिरिंज, जो त्यांची शुश्रूषा करील त्याला. नळी तुंबल्यास कोमट पाणी हळू सोडावे, जोर करू नये. जोर माणसावर करावा. छातीच्या व्यायामाच्या यंत्रातले तीन गोळे श्वास ओढून वर न्यायचे असतात. पतिराज एक उचलतात आणि म्हणतात, "पंचानं शिट्टी मारली." हा गृहस्थ तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. अंतिम सामन्यात याची आरोळी गंगावेशीपर्यंत जाई!

३. गुंडू भाऊजींचा स्टीलचा डबा त्यांना परत द्यावा. मी औषधे आणायला खाली गेले असता त्यांनी त्यातून पांढरा रस्सा आणून, ताकद येते म्हणून, रुग्णाला दोन चमचे पाजला. थोड्या वेळाने तोच रस्सा छातीतला पू काढायच्या नळीतून बाटलीत उतरला, खसखशीसकट. पुन्हा अतिदक्षता विभाग. भाऊजी दारात उभे राहून रडत होते. "वहिनी, मला वाटलं रश्श्यानं काय हुतंय." आता लेखी सांगते: माफ केलेले नाही. डबा मात्र घासून ठेवला आहे.

४. संस्कृतचे ग्रंथ शाळेला. शाळेला नको असल्यास तसे त्यांनी लिहून द्यावे, म्हणजे निदान शुद्धलेखन कळेल.

हा मसुदा मी पतींना वाचून दाखवला. त्यांचा आवाज अजून घोगरा आहे.

"सगळं मला?"

"हो."

"आणि मीच आधी गेलो तर?"

"ते कलम नाही."

"वकील काय म्हणला?"

"त्या कलमावाचून कागद कच्चा, म्हणाले."

पती छताकडे बघत म्हणाले, "मला न्हाय जमायचं घर सांभाळायला. पाण्याच्या मोटारीचं बटण कुठलं, त्ये बी ठाऊक न्हाय मला."

"मग शिका."

"कवा?"

"घरी आल्यावर."

त्यांनी यंत्र मागितले. दुसरा गोळा निम्म्यापर्यंत गेला. त्याहून अधिक काही झाल्याचे मी येथे नमूद करीत नाही, कारण झालेले नाही.

पती आधी निवर्तल्यास मिळकत कोणास, हे वकिलांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा लिहिलेले नाही. ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्षीदार होऊ नये, असेही ते म्हणतात. म्हणून पतींची सही घेतलेली नाही. कशावरच घेतलेली नाही.

ठिकाण: कोल्हापूर, रुग्णालयातील खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

(सही) कालिंदी अंबादास सरनोबत

आमच्यासमक्ष सही झाली:
१. गुंडू बाबूराव सरनोबत, कसबा बावडा
२. शालूबाई केरबा इंगवले, शेजारीण, शिवाजी पेठ