सुरुवातीच्या पाचांत

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू निवृत्त झाल्यावर आत्मचरित्र लिहायला बसतात, तोवर निम्मं विसरलेले असतात. माझी निवृत्ती अजून लांब आहे, पण कच्चा माल आतापासून जमवलेला बरा.

संकल्प : रोज बास्केटवर पाचशे शॉट्स. साखर बंद. कोचबद्दल वाईट बोलणं बंद.

वय छत्तीस. फिजिओ मागे म्हणाला होता की तुमचा डावा गुडघा पंचविशीतल्या माणसाचा आहे. उजव्याबद्दल काही बोलला नाही, म्हणजे तोही ठीकच असणार.

३ फेब्रुवारी
शॉट्स चाळीस. नंतर हॉल व्हॉलीबॉलवाल्यांना दिला होता, नाहीतर पाचशे झालेच होते. चहात साखर घेतली, पण ती बायकोने आधीच घातली होती.

कोच माठ आहे. हे बोललो नाही, लिहिलं.

९ फेब्रुवारी
सामना. जिंकलो. मी खेळलो नाही.

या सीझनमध्ये अजून कोर्टवर पाय पडलेला नाही. सीझन संपला की करार संपतो. पुढचा करार हवा तर माणूस खेळताना दिसला पाहिजे, एवढं कोचला कळायला हवं. मी बेंचवरच्या शेवटच्या खुर्चीत बसतो. बायकोला सांगून ठेवलंय की ती खुर्ची अनुभवी माणसालाच देतात, तिथून सगळं कोर्ट दिसतं.

माझ्या जागी जिराफ खेळतो. वय एकवीस. दारातून वाकून आत येतो म्हणून जिराफ. त्याला धड पास देता येत नाही, नुसत्या बास्केट करता येतात. आज तेवीस पॉइंट केले. असल्या खेळाला काय अर्थ आहे?

१६ फेब्रुवारी
सासरे जेवायला आले होते. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही, तुम्ही दुकानात या. मी म्हटलं, बघू, आधी पुढची दोन-तीन वर्षं खेळून घेतो. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती ताटं उचलायला लागली.

या घरात खेळाची जाण कुणालाच नाही.

२४ फेब्रुवारी
आजचा प्रसंग जसा घडला तसा लिहितो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावू नये.

हॉलमध्ये थंडी असते म्हणून बेंचवर आम्ही ट्रॅकसूट घालून बसतो. आत जर्सी असते. जर्सीचं कापड मला टोचतं. गेले काही सामने मी आत जर्सी घालणं सोडून दिलं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

आज जिराफ पाचव्या फाउलवर बाहेर. लगेच दुसऱ्याचा घोटा मुरगळला. कोचने बेंचच्या टोकाकडे बोट केलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मग उठलो. स्कोअर टेबलापाशी गेलो, ऐटीत चेन खाली ओढली आणि ट्रॅकसूट काढला. आत घरचा बनियन.

आधी समोरच्या रांगेतले हसले, मग सगळा हॉल. रेफरी म्हणाला, जर्सीशिवाय कोर्टवर येता येणार नाही.  कोचने घोटा मुरगळलेल्यालाच परत पाठवलं. तो लंगडत दोन बास्केट करून आला.

निष्कर्ष : जर्सीचं कापड बदलायला हवं. क्लबला कळवणार.

१ मार्च
आता गप्प बसून चालणार नाही. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. सकाळी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि सुनावलं की मला खेळवायचं नसेल, तर या सीझननंतर मी सोडतो.

नुसता दम द्यायचा होता. पण मॅनेजर पार हलला. टेबलाला वळसा घालून आला, माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. म्हणाला, याला फार मोठं मन लागतं. मग काकुळतीला येऊन म्हणाला की पुन्हा एकदा विचार करा. मी ताणून धरलं. म्हटलं, माझा शब्द म्हणजे शब्द. त्याने पुन्हा विनवलं. मी पुन्हा तेच.

असा नमवायचा असतो माणूस. इतकी वर्षं उगाच सभ्यपणे वागलो.

९ मार्च
दम लागू पडलाय. क्लबचा फोटोग्राफर खास माझे फोटो काढून गेला. शेवटच्या खुर्चीतलेसुद्धा. दुपारी मॅनेजरने घरी फोन करून बायकोकडे माझे लहानपणचे फोटो मागितले. नव्या कराराची जाहिरात दणक्यात करणार असं दिसतंय.

बायको संध्याकाळी जवळ येऊन बसली. मॅनेजरने तिला सगळं सांगितलं होतं. तिने विचारलं, तुला मनापासून पटलंय ना? मी म्हटलं, पटलंय म्हणजे काय, मीच तर घडवून आणलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. करार वाढणार याचा तिला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. चहात दोन चमचे साखर. मुद्दाम मागून घेतली.

१८ मार्च
ड्रेसिंग रूममध्ये शिरलो की सगळे एकदम चूप होतात. आज त्यांनी एक बॉल घाईघाईने टॉवेलखाली लपवला. सगळ्यांच्या बोटांना शाई होती. जिराफ मला दादा म्हणाला आणि पास कसा द्यायचा ते विचारलं. कॅप्टनपद माझ्याकडे येतंय असं कानावर गेलं असावं बिचाऱ्यांच्या.

आणि मुख्य बातमी. कोच म्हणाला, घरच्या हॉलवरच्या शेवटच्या सामन्यात तू सुरुवातीच्या पाचांत. त्याचा आवाज कापत होता. झाल्या प्रकाराची त्याला आता लाज वाटत असणार.

शॉट्स दोनशे. उजवा गुडघा सुजला. बर्फ लावून बसलोय. डावा उत्तम.

४ एप्रिल, सकाळी
आज सामना. सासू, सासरे, मेहुणी, शेजारचे डेंटिस्ट, सगळ्यांना बोलावलंय. मी काही न सांगताच बहुतेकांना माहीत होतं. जर्सी नाश्त्यालाच घातली. मुलगी म्हणाली, बाबा, त्यावर सांडेल. सांडलं नाही.

आज जीव ओतून खेळायचं. मग करारावर सही.

५ एप्रिल
काल लिहिण्यासारखी अवस्था नव्हती.

स्पीकरवर माझं नाव पुकारलं आणि सगळा हॉल उभा राहिला. समोरची टीमसुद्धा टाळ्या वाजवत होती. रेफरीने बॉल उडवला, आमच्या सेंटरने तो माझ्याकडे मारला. समोरचा एकही जण अंगावर आला नाही. माझी धास्ती घेतलीय, असं मला वाटलं. आता लिहिताना हात थांबतो, पण खरंच वाटलं. मी शॉट घेतला. रिंगवर आपटून बॉल बाहेर गेला.

लगेच खेळाडू बदलायचा बझर वाजला. कोचने मला बोलावलं. जिराफ हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. वरच्या मोठ्या स्क्रीनवर माझा लहानपणचा फोटो, खाली धन्यवाद, आणि त्याखाली निवृत्तीच्या शुभेच्छा. सगळ्यांच्या सह्यांचा बॉल माझ्या हातात दिला. 

मग कुणीतरी माइक पुढे केला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. गैरसमज झालाय, मला खेळायचंय, एवढं एक वाक्य. पण दुसऱ्या रांगेत बायको डोळे पुसत होती. सासरे, ज्यांनी आयुष्यात माझ्यासाठी टाळी वाजवली नाही, ते उभे राहून वाजवत होते. मी म्हणालो की खेळाडूला थांबायचं कधी ते कळलं पाहिजे. हॉल दुमदुमला. मला रडू आवरेना. सगळ्यांना वाटलं, मन भरून आलं.

घरी बायको म्हणाली, तुला हे आपणहून सोडता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, आज तुझा फार अभिमान वाटला. मी तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.

७ एप्रिल
दोन दिवस विचार केला आणि आज मॅनेजरकडे गेलो. स्पष्ट सांगणार होतो की रागाच्या भरात बोललो, शब्द मागे घेतो. कमीपणा आला तर आला.

त्याने बसवलं, कॉफी मागवली. मी सुरुवात करायच्या आत तोच बोलायला लागला. म्हणाला, आता सांगायला हरकत नाही, तुम्हाला अजून एक वर्ष द्यायचं आमचं ठरलं होतं. कोचच हट्ट धरून बसला होता. सीझनभर न खेळता बेंचवर असा माणूस बसला, की पोरांना धीर येतो, असा माणूस शोधून मिळत नाही म्हणायचा. त्याच आठवड्यात तुम्हाला बोलावणार होतो, तर तुम्हीच आलात. किती विनवलं तुम्हाला, आठवतं ना. तुमच्या जागी काल जिराफच्या मित्राची सही झाली. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो, माणूस शब्दाचा पक्का.

मी म्हटलं, हो.

मग त्याने विचारलं, आज कसं काय येणं केलंत?

लॉकरची किल्ली द्यायची राहिली होती, असं सांगितलं. ती घराच्या किल्ल्यांबरोबर एकाच रिंगमध्ये होती आणि माझ्या नखांनी रिंग उघडेना. शेवटी त्यानेच ड्रॉवरमधली कात्री घेतली आणि किल्ली सोडवली.