डाव्या हाताची चिठ्ठी

५ जानेवारी, रविवार

निघाली एकदाची चिठ्ठी!

आमच्या चर्चची ही जुनी पद्धत. वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपलं एक मागणं कागदावर लिहायचं. नाव घालायचं नाही, आणि लिहायचं डाव्या हाताने—म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. (डावखुऱ्यांनी काय करायचं, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) मग सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात. एकेकाने एकेक उचलायची आणि त्या अनोळखी माणसासाठी वर्षभर प्रार्थना करायची. गुपचूप. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ती मोठ्याने वाचायची. ज्याची असेल तो उभा राहतो आणि काय झालं ते सांगतो.

मी काय लिहिलं ते कुणीही सांगेल. "माझा माणूस पायावर उभा राहू दे." चौदा महिने झाले हे क्रेनच्या शिडीवरून पडले त्याला. पाय आहेत, पण नुसते आहेत.

आणि मला मिळालेली चिठ्ठी! कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली असावी असं अक्षर. "जे माणूस माझ्याशी बोलत नाही, ते बोलू दे. चूक माझी आहे." बस्स, एवढंच.

कुणाची ते ओळखायला ज्योतिषी नको. आमचे घंटाकाका! चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवतात आणि त्यांचा मुलगा नऊ वर्षं त्यांच्याशी अवाक्षर बोललेला नाही. दोन गल्ल्या सोडून त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. बापाचं दार तेवढं त्याला उघडत नाही.

ठीक आहे काका. वर्षभर तुमची मी.

१९ फेब्रुवारी

ताईकडून दर गुरुवारी येणारा जेवणाचा डबा आज बुधवारीच आला. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, दारात ठेवून गेले. मी रिकामा केला, घासला, परत दिला. एक शब्द नाही.

ह्यांनी पलंगावरून विचारलं, "डबा चालतो, मग डबा करणारी का चालत नाही?"

"डब्याला जीभ नसते," मी म्हटलं.

एकदा लिहूनच टाकते. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या. आणि ज्या दिवशी हे पडले, डॉक्टर आतून बाहेरसुद्धा आले नव्हते, त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, "विश्वास कुठंतरी कमी पडला असेल बघ तुमचा." मी तिच्याकडे बघितलं. काही बोलले नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. चर्चमध्ये ती तिसऱ्या बाकावर, मी शेवटच्या. ती या दाराने, मी त्या दाराने.

माझा विश्वास मोजायला हिला ताजवा कुणी दिला?

३ मार्च

प्रार्थनेची युक्ती सापडली. कारखान्यात मी गणवेशांच्या कॉलर शिवते. दिवसाला दोऱ्याच्या पंधरा-एक बॉबिन संपतात. बॉबिन संपली की मशीन थांबतं. नवी भरेपर्यंत एक प्रार्थना ह्यांच्यासाठी, एक चिठ्ठीसाठी.

सुपरवायझर बाई म्हणाली, "तुझीच बॉबिन एवढा वेळ कशी खाते गं?"

१४ मे

अंगठा हलला!!! डाव्या पायाचा. व्यायाम शिकवणारी बाई ओरडली, मी ओरडले, शेजारीण लाटणं घेऊन धावत आली—तिला वाटलं चोर. ह्यांनी तिच्यासाठी परत हलवून दाखवला. मग तिच्या नवऱ्यासाठी. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचे अकरा प्रयोग झाले.

देवा, देवा, देवा!

२ जुलै

अंगठ्यापुढे काही नाही. सात आठवडे.

आज चिडून ह्यांना म्हटलं, "अजून किती वाट बघायची?" हे म्हणाले, "क्रेनवर पहिल्या दिवशी काय शिकवतात? वजन एकदम उचलायचं नाही. आधी दोर ताणायचा आणि थांबायचं. खालच्याला वाटतं, वरचा झोपला की काय. पण तेव्हाच वरचा सगळं नीट बघत असतो. मग उचलायचं."

वीस वर्षं याच माणसाला मी चर्चला ओढत नेलं. आता प्रवचन हा देतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला की समजून जावं.

"आता यापुढे फार आशा धरू नका."

घरी आलो. उंबऱ्यावर चाकाची खुर्ची अडकली, ती मी एकटीने उचलली.

९ ऑगस्ट

आज देवाशी बोलले नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजही नाही. चर्चला गेले नाही. खिडकी लावून घेतली, तरी काकांची घंटा ऐकू आलीच.

११ ऑगस्ट

कामावर. पहिली बॉबिन संपली. ओठ घट्ट मिटून नवी भरली. दुसरी संपली. तशीच भरली. तिसऱ्या वेळी वाटलं, माझं आणि देवाचं वाजलंय, त्यात चिठ्ठीवाल्याचा काय दोष? म्हटलं, "माझ्यासाठी तुझ्याकडे काही मागत नाही. पण त्या बिचाऱ्याचं तेवढं बघ."

मग चौथ्याला तेच. पाचव्याला तेच.

घरी येताना लक्षात आलं—अबोला धरायचा होता आणि मी तर दिवसभर त्याच्याशीच बोलत होते! रस्त्यात एकटीच हसले. मग रडले. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला.

ती चिठ्ठी नसती तर आज मी कुठे असते, कुणास ठाऊक.

२० सप्टेंबर, शनिवार

केलं! नुसती प्रार्थना करून साडेआठ महिने झाले, आज सरळ किल्लीवाल्याच्या दुकानात गेले. एक किल्ली करायला दिली (गरज नव्हती) आणि तो कानस घासत असताना तोफ डागली. चिठ्ठीचं नाव काढलं नाही, नियम म्हणजे नियम.

म्हटलं, "चूक वडिलांची असेल. मान्य! पण तो माणूस मनातून झुरतोय आणि तू मान ताठ करून बसलास. एवढा कसला मेला अहंकार? तोंडातून एक शब्द काढायला काय जातं तुझं? उद्या तो गेला तर कुणाशी अबोला धरशील?"

त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "मावशी, किल्ली झाली." पैसे घेतले नाहीत. एवढंच.

५ ऑक्टोबर, रविवार

आला! शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी! काका घंटेचा दोर सोडून पायऱ्या उतरले, मुलाला बघून जागच्या जागी थांबले. तो उठला आणि म्हणाला, "बाबा, दोर किती जुना झालाय. बदलायला हवा."

नऊ वर्षांनी पहिलं वाक्य—दोर बदलायला हवा! पण काकांचा चेहरा बघायला हवा होता.

मी घरी येऊन ह्यांना सांगताना टाळ्याच वाजवल्या. बघा, माझी चिठ्ठी पूर्ण झाली! हे म्हणाले, "मग आता आपली राहिली." आणि पलंगाच्या कठड्याला धरून अंग वर ओढायला लागले. आजपासून रोज, म्हणाले.

१९ नोव्हेंबर

चार पावलं. पलंगापासून खिडकीपर्यंत. चार! मी मागे हात पसरून चालत होते, हे म्हणाले, "लांब हो, क्रेनच्या लोडखाली उभं राहायचं नसतं."

डॉक्टरांनी आज चष्मा काढलाच नाही. "कधी कधी असंही होतं," म्हणाले.

होतं म्हणे! आम्हाला विचारा कसं होतं ते.

काम संपवून भावजींनी डबा आणला तेव्हा ह्यांनी दारापर्यंत जाऊन स्वतः घेतला. भावजी तिथेच ओट्यावर बसून रडले. मी डबा घासला. परत दिला. शब्द नाही. आज जरा जड गेलं, ते खरं.

२८ डिसेंबर, रविवार. दुपार

हे काठी टेकत चर्चच्या मधल्या वाटेने चालत गेले. स्वतः! लोक उभे राहिले. माझी मान अशी ताठ की विचारू नका.

आणि माझी चिठ्ठी कुणाकडे असावी? घंटाकाकांकडे! चष्म्याशिवाय, हात लांब धरून वाचली, "माझा माणूस पायावर उभा राहू दे." मी उठले, शेजारी हे उठले, आणि काकांना राहवलं नाही. प्रार्थना अर्धी टाकून धावले आणि घंटा वाजवली, नव्या दोराने. पाळकसाहेब "अहो काका, अहो काका" करत राहिले. असा आवाज त्या छपराखाली कधी झाला नसेल. जिंकलो आम्ही!

मग माझी पाळी. मी माझ्याकडची चिठ्ठी खणखणीत वाचली आणि काकांकडे बघितलं, आता उठा म्हणून. काका बसलेलेच! हाताने नाही-नाही करतायत. "माझी नाही गं पोरी. मी गुडघ्यासाठी लिहिलं होतं."

पुढचं आत्ता लिहवत नाही. चहा करते.

२८ डिसेंबर, संध्याकाळ

तिसऱ्या बाकावरून ताई उठली होती. मान खाली, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत.

म्हणजे वर्षभर, दिवसाला पंधरा वेळा, मी देवाला माझंच तोंड उघडायला सांगत होते. आणि ऑगस्टमध्ये मला देवापाशी धरून ठेवलं ते तिच्या त्या वेड्यावाकड्या अक्षराने. आमच्याच बाकाच्या टोकाला बसलेला किल्लीवाला माझ्याकडेच बघत होता, डोळे मोठे करून.

ह्यांनी हळूच म्हटलं, "दोर ताणलाय. उचल आता."

मी गेले. तिसऱ्या बाकापाशी थांबले.

"ताई, सरक जरा," म्हटलं. "बसू दे."