आजीच्या गाण्याची टेप

सरावली, रविवार संध्याकाळ

काकांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

आजी धवलेरी होती, गाणी गाऊन लग्न लावणारी. ती गेली. तिचा आवाज आता फक्त काकांच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या एका लग्नाच्या टेपवर उरलाय. यूएसबीने कॉम्प्युटरला टेप दिसेना, म्हणून बोईसरहून वेगळं कार्ड आणि वायर आणून जोडली. टेप जेवढी वाजेल तेवढंच कॉम्प्युटरमध्ये उतरतं. काकांना हे दोनदा सांगितलं. तरी आजी गायला लागली की त्यांचा अंगठा टेप पुढे पळवायच्या बटणावर!

“म्हातारीचं गानं कोन बगनार हाय? माजा नाच लाव.”

“काका, हात लावू नका.”

“बीए झालीस म्हनून मला शिकवतेस? कॅमेरा माजा हाय.”

कॅमेरा त्यांचा. पण गाणं? त्यांचंही लग्न आजीनेच लावलं होतं ना? तो अंगठा जरासुद्धा थबकू नये?

मी त्यांचा हात ढकलला आणि टेप मागे घेतली. बाबा म्हणाले, “माफी माग.” नाही मागितली. काका न जेवता निघून गेले.

गाणं पूर्ण उतरलं. मग टेपवर त्या लग्नातला काकांचा नाच सुरू झाला. मी वायर काढून टाकली.