सीटवरचा रुमाल

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मागच्या आठवड्यात सोमवारी मिळालं. आधी मास्तर म्हणून वाचलं, मग सासरा म्हणून. मास्तर खूश झाला, सासऱ्याला जेवण गेलं नाही. तू लिहिलंस, ‘बाबा, खुशाल सरांना मी लग्नाला नकार दिला आहे. माझ्या आयुष्यातली ती जागा एम्प्टी असेल, पण व्हेकंट नाही.’ आपलीच शिकवणी अशी उलटून आपल्या दारात आली, तर माणसानं काय बोलावं?

नर्सिंगच्या प्रवेशासाठी तू इंग्रजी घोकायचीस, ते दिवस आठवतात. धम्मदीप नाहीसा होऊन वर्ष झालं होतं. तू अंगणात तांदूळ निवडत बसायचीस आणि मी खाटेवरून शब्दांच्या जोड्या टाकायचो. दिसायला सख्ख्या बहिणी आणि वागायला सवती, असे शब्द. क्वाएट आणि सायलेंट विचारलं, तर तू म्हणालीस, दोन्ही म्हणजे शांत. मी म्हटलं, दुपारी सगळे झोपले की घर क्वाएट असतं आणि माझ्याशी भांडून तुझी सासू चुलीपाशी जाऊन बसली की तेच घर सायलेंट होतं. त्यावर मनकर्णा आतून म्हणाली, “मले इंग्रजी येत नाई म्हणून काहीबी सांगून राह्यले का पोरीले?” तू हसलीस. त्या वर्षात तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग मी रोज जोड्या शोधायला लागलो. शाळेत असताना डिक्शनरी इतकी उघडली असती, तर हेडमास्तर होऊन रिटायर झालो असतो.

एम्प्टी आणि व्हेकंट मात्र तुझ्या डोक्यात शिरता शिरेना. शेवटी तुला अहेरीची एसटी सांगितली. गाडी लागते, लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. सीटवर कोणी बसलेलं नसतं, म्हणून ती एम्प्टी. पण रुमाल आहे तोवर ती व्हेकंट नाही, तिथे दुसऱ्याला बसता येत नाही. तू ते पक्कं लक्षात ठेवलंस. फार पक्कं ठेवलंस, पोरी.

एक जोडी मात्र मी तुला कधीच घातली नाही. लॉस्ट आणि मिसिंग. लॉस्ट म्हणजे ज्याची स्वतःची वाट चुकली तो. मिसिंग माणसाला मात्र आपण मिसिंग आहोत हे ठाऊकही नसतं, तो शब्द मागे राहिलेल्यांसाठी असतो. पोलिसांनी धम्मदीपच्या नावापुढे तोच लिहिला. भामरागडकडच्या गावात हातपंप दुरुस्त करायला गेला आणि परत आला नाही. नाल्याला पूर होता. अलीकडच्या काठावर त्याची मोटरसायकल उभी सापडली, कुलूप लावलेली, हँडलला पान्यांची पिशवी तशीच. कोणी म्हणालं वाहून गेला, कोणी म्हणालं जंगलातल्यांनी नेला, कोणाला तो सिरोंच्याच्या बाजारात दिसला. मनकर्णा एवढंच म्हणायची, ज्याला परत यायचं असतं तोच गाडीला कुलूप लावतो. चाबी त्याच्यापाशी आहे, तो येईल आणि उघडेल. ती गाडी तेव्हापासून आपल्या अंगणात तशीच उभी होती. मनकर्णा रोज फडक्यानं पुसायची आणि कुलपाला कोणाला हात लावू देत नव्हती. मीही बोललो नाही. मला माझा मुलगा मेला असं वाटतं. फार वर्षांपासून वाटतं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गेल्या रविवारी खुशाल आला होता. गडचांदूरहून एसटीनं, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून. तुमच्या दवाखान्यातला लॅबवाला म्हणून तू सांगितलं होतंस, पण इतका भिडस्त असेल असं वाटलं नव्हतं. तुझं मन वळवा असं तो म्हणाला नाही. बायको गेल्यावर दोन वर्षं त्याचंही घर बंदच होतं म्हणाला. त्याला एकच विचारायचं होतं, तुझ्या नकारात आमचं दुःख किती आणि तुझी मर्जी किती. मनकर्णानं त्याला चहा दिला.

तो गेल्यावर तिनं मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. व्हेकंट म्हणजे काय, विचारलं. मी एसटी आणि रुमाल सांगितला. ती उठून अंगणातल्या गाडीपाशी गेली. मग म्हणाली, “तो रुमाल त्याचा नाई जी. आपणच टाकून ठेवला हाये.”

दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजवाल्या लटारूला बोलावलं आणि समोर उभी राहून गाडीचं कुलूप तोडून घेतलं. तुटल्याचा आवाज आला तेव्हा तिनं दाराची चौकट धरली होती. गाडी लटारू घेऊन गेला. अंगणात टायरांचे दोन खड्डे राहिले आहेत, ते तिनं अजून बुजवलेले नाहीत.

म्हणून हे पत्र. ते न्यायला खुशाललाच पुन्हा बोलावलं आहे. धम्मदीपला जाऊन सात वर्षं उलटली, तो मृत असल्याचा कोर्टाचा निकाल घ्यायचं काम वकील बघतो आहे. तुझ्या मनातच नसेल तर नकार दे, आम्ही एका शब्दानं विचारणार नाही. पण आमच्यासाठी देऊ नकोस. पत्रासोबतच्या पिशवीत पांढरी साडी आहे, धम्मदीपशी लग्नात तू नेसली होतीस तशीच. काल मनकर्णा मला घेऊन सादिकभाईच्या दुकानात गेली. एकेक साडी उलगडून बघत होती आणि रडत होती. सादिकभाईनं हळूच विचारलं, “मयतीले पाहिजे का, बाई?” तिनं डोळे पुसले. म्हणाली, “नाई भाऊ. माह्या पोरीचं लगन हाये.”

तुझाच,
बाबा